तीन मिनिटांच्या डावात व्हिएन्ना गॅम्बिट: काय पाठ करायचं, कुठे थांबून विचार करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बुद्धिबळात पांढऱ्यांनी व्हिएन्ना गॅम्बिट (तिसऱ्याच चालीला एफचं प्यादं पुढे टाकणारी ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात) खेळतो, ऑनलाइन ३+० आणि ५+० (तीन किंवा पाच मिनिटं, चालीला वाढीव सेकंद नाही), व्हिडिओ बघून ट्रॅप पाठ केलेत, काळ्याने डी५ केलं की पुढे वजीर एफ३ खेळतो, समोरचा ट्रॅपमध्ये पडला की वीस चालींत खेळ खल्लास, पण नाही पडला तर दहाव्या चालीपर्यंत मिनिटभर गेलेलं असतं आणि आता नेमकं करायचं काय तेच सुचत नाही. मग हे सोडून काहीतरी शांत धरावं का? आणि महिन्याभरात १५+१० ची (पंधरा मिनिटं, चालीला दहा सेकंद वाढीव) रॅपिड स्पर्धा आहे, तिथे हे चालेल का?

सोडू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुम्ही ज्या पद्धतीने ही ओपनिंग शिकलाय ती पद्धत मात्र बदला. मी बरीच वर्षं मुलांना शिकवतोय आणि स्वतः ब्लिट्झ (तीन-पाच मिनिटांचे डाव) भरपूर खेळतो, आणि तिखट ओपनिंग खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं दुखणं हेच असतं की ट्रॅप पाठ, पण ट्रॅप फसल्यावरची पोझिशन कधी बघितलेलीच नाही. ब्लिट्झमध्ये अशा ओपनिंगची खरी कमाई घड्याळावर होते. समोरचा पाचव्या-सहाव्या चालीला विचारात पडतो, त्याची चाळीस सेकंदं जातात, तुमची दहा जातात, आणि हे तीस सेकंदांचं भांडवल तुम्हाला शेवटी हत्तीच्या एंडगेममध्ये कामाला येतं. आता तुम्हीही त्याच्याबरोबर विचार करत बसलात तर एफचं प्यादं पुढे ढकलून राजासमोरची भिंत उघडी केली ती कशासाठी? म्हणून मी लाइन निवडताना इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर) काय म्हणतं ते दुसऱ्या नंबरला ठेवतो, आधी बघतो की या लाइनमध्ये माझ्या चाली ठरलेल्या आहेत का, आणि अवघड चाल कुणाला शोधायचीय, मला की त्याला.

जरा हिशोब करा. ३+० म्हणजे १८० सेकंदं, डाव चाळीस चालींचा धरला तर चालीला साडेचार सेकंदं. ३+२ असेल तर चाळीस चालींत ८० सेकंदं वाढीव मिळतात, म्हणजे चालीला साडेसहा. पहिल्या आठ चाली पंधरा सेकंदांत झाल्या तर उरलेल्या बत्तीस चालींना १६५ सेकंदं राहतात आणि त्यातून एक-दोन वेळा वीस सेकंदं थांबायची चैन परवडते. ही थांबायची जागा आधी ठरलेली पाहिजे, नाहीतर आपण चुकीच्या जागी थांबतो. तुमचं तेच होतंय, चौथ्या-पाचव्या चालीला, जिथे उत्तर घरी पाठ करून यायचं असतं तिथे तुम्ही विचार करताय.

आता प्रत्यक्ष चालींकडे येऊ. ई४ ई५, घोडा सी३ घोडा एफ६, आणि मग एफ४ (सोंगटीचं नाव नसेल तिथे चाल प्याद्याची). इथपर्यंत आलो की काळ्यासमोर साधारण चार रस्ते आहेत: एफ४ वरचं प्यादं खाणं, डी६, घोडा सी६ आणि डी५. यातला खरा चांगला रस्ता एकच, डी५, बाकी तिन्हींत पांढऱ्याला खेळायला सोपं जातं.

प्यादं खाल्लं की ई५. ही चाल का जोरात लागते ते एकदा पाट मांडून बघा, म्हणजे आयुष्यभर विसरणार नाही. एफ६ वरच्या घोड्यावर हल्ला आहे आणि त्याला पुढे जायला चार घरं दिसतात. डी५ ला गेला तर सी३ चा घोडा खातो, ई४ ला गेला तरी तोच खातो, जी४ आणि एच५ ला गेला तर डी१ वरचा वजीर खातो. मागे डी७ आणि एच७ ला स्वतःची प्यादी, ई८ ला स्वतःचा राजा. राहिलं जी८, म्हणजे चौथ्या चालीला घोडा जिथून निघाला तिथे परत. त्यानंतर तुमची पुढची चाल घोडा एफ३, आणि ती आधी करायची, डी४ च्या आधी, कारण एफचं प्यादं गेलेलं असल्यामुळे वजीर एच४ शह हा या संपूर्ण ओपनिंगमधला काळ्याचा सगळ्यात त्रासदायक फटका आहे आणि एफ३ चा घोडा तो बंद करतो. मग डी४, उंटाने एफ४ चं प्यादं परत घ्या, आणि खेळा. काळ्याने डी६ करून सेंटर फोडायचा प्रयत्न केला, म्हणजे घोडा एफ३ डी६, डी४ डीने ई५ खाल्लं, तर प्याद्याने परत घेऊ नका, वजीर ई२. ई५ चं प्यादं पिन होतं (बाजूला हललं तर मागचा राजा शहात येतो) आणि आरामात परत मिळतं. जी५ करून प्यादं धरून ठेवायला बघितलं तर डी४, आणि जी४ ने घोड्याला हाकललं तरी घाबरू नका, उंटाने एफ४ खा, तो घोडा खाईल, तुम्ही वजिराने परत घ्या. एक घोडा कमी आहे हे खरं, पण काळ्याची एकही सोंगटी बाहेर नाही आणि तुमचा उंट सी४ ला आला की एफ७ वर सगळा मारा, तीन मिनिटांच्या डावात हे वाचवून दाखवणारा माणूस विरळा. ज्यांना घोडा द्यायची धास्ती वाटते त्यांनी एच४ करावं, पण मी देतो.

इथे एक छोटी गोष्ट आहे जी ऑनलाइन खेळणाऱ्याने जरूर वापरावी. एफ४ केल्यावर लगेच ई४-ई५ हा प्रीमूव्ह (समोरच्याची चाल व्हायच्या आधीच लावून ठेवलेली आपली पुढची चाल) टाकून ठेवा. सहसा तिखट ओपनिंगमध्ये प्रीमूव्ह म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, पण हा अपवाद आहे, कारण ई५ घरावर काळ्याचं प्यादं उभं आहे तोवर ही चाल कायद्यात बसतच नाही. ते प्यादं तिथून हलायचा रस्ता एकच, एफ४ वर मारणं. म्हणजे त्याने मारलं तरच तुमचा प्रीमूव्ह चालणार आणि नेमकी तीच त्यावरची सर्वोत्तम चाल आहे. त्याने दुसरं काहीही केलं तर प्रीमूव्ह आपोआप रद्द. लिचेस या साइटवर प्रीमूव्हला वेळ जात नाही, चेस डॉट कॉमवर सेकंदाचा दहावा भाग जातो, दोन्हीकडे फायदाच. यापुढचा घोडा एफ३ मात्र प्रीमूव्ह करू नका. कारण काही जण घोडा मागे न्यायच्या ऐवजी वजीर ई७ करतात, तुमचं ई५ चं प्यादं राजाच्या रेषेत पिन करून ठेवतात. त्यावर वजीर ई२ हेच उत्तर, पिन सुटली, घोड्यावरचा हल्ला पुन्हा उभा राहिला, आणि त्याला जी८ ला जावंच लागतं. मग घोडा एफ३, आणि त्याने डी६ केलं तर घोडा डी५! वजीर डी८ ला परतला की ईच्या प्याद्याने डी६ मारा, तुमच्या ई२ च्या वजिराचा उघडा शह बसतो आणि ते प्यादं पुढे सी७ खायला जातं. हे एकदा कुणावर लागलं ना, तर तो माणूस रीमॅचमध्ये ई५ खेळतच नाही.

घोडा सी६ वरही साधंच आहे. एफने ई५ खा, त्याने घोड्याने ई५ परत घेतलं की डी४, तो घोडा सी६ किंवा जी६ ला पळेल, मग ई५, आणि दुसरा घोडा परत जी८. तुमच्याकडे डी४-ई५ ची जोडी, त्याच्याकडे जागाच नाही. घोडा एफ३ करा, उंट बाहेर काढा, कॅसलिंग करा, इथे काही विशेष पाठ करायची गरज नाही. डी६ वर घोडा एफ३, आणि घोडा सी६ आला तर उंट बी५. काळा जरा कोंडलेला पण घट्ट असतो, इथे पटकन जिंकायची अपेक्षा ठेवू नका.

आता डी५. तुमची खरी अडचण इथेच आहे आणि रेटिंग जसं वाढेल तसं हे जास्त जास्त बघायला मिळेल, कारण काळ्याची बाजू शिकवणारा कुणीही पहिल्यांदा हेच शिकवतो. पहिली गोष्ट, ईच्या प्याद्याने डी५ खाऊ नका, त्यात काळा मोकळा होतो आणि तुमचा राजा मात्र उघडा राहतो. एफने ई५ खायचं. यावर कुणी डी४ करून तुमच्या घोड्याच्या मागे लागला तर ईने एफ६ खा, त्याने सी३ खाल्लं की तुम्ही जी७ खा, प्यादं वर. शहाणा काळा घोड्याने ई४ खातो, आणि इथे तुमचा मोठा निर्णय आहे.

तुम्ही लिहिलंय की इथे वजीर एफ३ खेळता. ही चाल व्हिडिओंमुळे फार पसरलीय आणि चाल म्हणून वाईटही नाही, पण ब्लिट्झसाठी मला ती पटत नाही आणि कारण सांगतो. काळ्याचं घोडा सी६ हे उत्तर बघा. तुम्हाला वाटतं ई४ चा घोडा खावा, खाल्ला की घोडा डी४! वजिरावरही हल्ला आणि सी२ वरही नजर, आणि पाहता पाहता हल्ला करणारा काळा झालेला असतो. म्हणून बरोबर चाल उंट बी५. मग काळा घोड्याने सी३ मारतो, तुम्ही डीने परत घेता, वजीर एच४ शह, जी३, वजीर ई४ शह, वजिरांची मारामारी, तुम्ही उंटाने सी६ खाता, आणि दहाव्या चालीला पाटावर वजीर नाहीत, पोझिशन समान, वर काळ्याकडे उंटांची जोडी. ज्याला हल्ला करायचाय त्याने हे मुद्दाम कशाला ओढवून घ्यायचं? आणि काळ्याच्या या सगळ्या चाली जबरदस्तीच्या आहेत, त्याला फार शोधावं लागत नाही, त्यामुळे घड्याळावरही काही हाती लागत नाही.

माझं म्हणणं पाचव्या चालीला घोडा एफ३ खेळा. एच४ चा शह बंद, आणि पुढे बहुतेक वेळा एकच आराखडा चालतो: वजीर ई२, त्याने सी३ वर घोडा मारला की डीच्या प्याद्याने परत घ्या, उंट एफ४, वजिराच्या बाजूला कॅसलिंग, मग एच४ आणि पुढे जी४. डीने परत घेणं लोकांना जिवावर येतं, डबल प्यादी होतात म्हणून, पण त्याने सी१ चा उंट एका क्षणात मोकळा होतो आणि कॅसलिंग झाल्या झाल्या डी१ चा हत्ती उघड्या फाइलवरून (उभ्या पट्टीवरून) डी५ कडे बघायला लागतो. समजा काळा उंट ई७ खेळला. वजीर ई२ ने ई४ च्या घोड्यावर दोन मारे झाले, तो मारामारी करेल, डीने घ्या, तो कॅसलिंग करेल, उंट एफ४, तो घोडा सी६ किंवा प्यादं सी५, तुम्ही लांब कॅसलिंग, तो उंट ई६, तुम्ही एच४. सात-आठ सेकंदांत हे सगळं होतं आणि आता तुमच्याकडे हल्ला आहे, त्याला ठरवायचंय की सेंटर फोडायचं की तुमच्या राजावर यायचं. त्याने कधी वजीर ए५ करून ए२ कडे नजर लावली तर राजा बी१, हल्ला चालू ठेवायच्या नादात ही एक चाल चुकवू नका. मारामारी न करता त्याने एफ५ ने घोडा धरला तर डी३ करून त्याला विचारा.

पण वजीर ई२ सगळीकडे आंधळेपणाने लावू नका, दोन ठिकाणी ते टाळायचं आणि ही दोनच ठिकाणं पाठ करायचीत. एक, उंट सी५. इथे वजीर ई२ केलं तर उंट एफ२ शह, राजा डी१, आणि कॅसलिंग गेलं. डी४ खेळा, उंट बी४ ला जाईल, उंट डी२, सगळं ठीक. दुसरं, घोडा सी६. इथे मी उंट बी५ करतो, घोडा पिन, मग लहान कॅसलिंग. वजीर ई२ चालत नाही असं नाही, पण त्यावर उंट एफ५ आला की वजीर बी५ ला नेऊन एकदम बी७ आणि डी५ दोन्हीकडे बघायचा मोह होतो, आणि तिथे काळ्याकडे ए६ आणि पुढच्या घोड्याच्या चालींनी वजिराला पळवायच्या इतक्या युक्त्या आहेत की तीन मिनिटांत त्या सगळ्या बघणं शक्य नाही. उंट बी५ सोपं. कॅसलिंगनंतर उंट सी५ चा शह आला तर डी४, आणि त्याचा राजा ई८ ला आहे तोवर सी६ चा घोडा पिन असल्यामुळे ते प्यादं तो खाऊ शकत नाही.

आणि उंट जी४. याच्यावर वजीर ई२ च, आणि याच्यासाठी एक डाव जरूर बघा, श्पिलमन विरुद्ध फ्लॅम्बर्ग, मानहाइम १९१४. रुडोल्फ श्पिलमन व्हिएन्नाचाच, गॅम्बिट खेळणाऱ्यांचा लाडका माणूस, आणि ती स्पर्धा पहिलं महायुद्ध सुरू झाल्यामुळे अर्धवट राहिली. डाव अवघ्या पंधरा चालींचा आहे. वजीर ई२ नंतर फ्लॅम्बर्गने घोडा सी५ ला नेला, श्पिलमनने डी४, काळ्याने उंटाने एफ३ चा घोडा खाल्ला, वजिराने परत घेतला, वजीर एच४ शह (घोडा गेल्यामुळे तो शह पुन्हा जिवंत झाला), जी३, वजिराने डी४ खाल्लं, उंट ई३, वजिराने ई५ पण खाल्लं. दोन प्यादी गेली. श्पिलमनने काय केलं? शांतपणे वजिराच्या बाजूला कॅसलिंग. काळा सी६, आणि मग घोड्याने डी५ फोडलं! सीने घोडा खाल्ला, हत्तीने डी५ घेतलं, वजीर ई६, उंट सी४, वजीर ई४, आणि पंधराव्या चालीला उंटाने सी५ चा घोडा खाल्ला, एफ३ चा स्वतःचा वजीर तसाच उभा ठेवून. फ्लॅम्बर्गने डाव सोडला. का सोडला ते स्वतः मांडून बघा: त्याने वजीर खाल्ला तर हत्ती ई१ शह, उंट ई७ मध्ये टाकला तर हत्तीने ई७ खाऊन शह, राजा एफ८, आणि हत्ती डी८ मात. बी८ चा घोडा जागचा हललेलाच नाही म्हणून ए८ चा हत्ती डी८ पर्यंत पोचत नाही, ई७ च्या हत्तीला सी५ च्या उंटाचा आधार, एफ७ वर सी४ चा उंट. मी नव्या विद्यार्थ्याला या ओपनिंगमधलं पहिलं काही दाखवत असेन तर हा डाव दाखवतो, ट्रॅप नंतर. कारण यात वजीर ई२, लांब कॅसलिंग, डी फाइल, सगळा आराखडा एकाच ठिकाणी दिसतो, आणि दोन प्यादी गेली तरी आधी विकास पूर्ण करायचा हेही दिसतं. ब्लिट्झमध्ये आपण नेमकं उलटं करतो, प्यादं गेलं की ते परत मिळवायच्या मागे लागतो.

आता घड्याळाकडे परत येतो. समोरच्याने पाठांतराबाहेरची विचित्र चाल केली की लोक दोन टोकाच्या गोष्टी करतात, एकतर न बघता आराखड्यातली पुढची चाल हाणतात नाहीतर तीस सेकंदं ती चाल खोडून काढायचा मार्ग शोधत बसतात. मी सांगतो ते करा: आधी त्याचे शह बघा, विशेषतः ई१-एच४ ची तिरकी रेषा आणि जी१-ए७ ची, मग फुकट काही पडलंय का बघा, आणि काही नसेल तर आराखड्याप्रमाणे चला. पाच सेकंदांचं काम आहे. विचित्र चालीला शिक्षा झालीच पाहिजे असं नाही, त्याने एक चाल वाया घालवली एवढं पुरतं.

थांबायची खरी जागा माझ्या मते दोन. एक म्हणजे दोन्ही बाजूंचं कॅसलिंग झालं आणि आता पहिल्यांदा प्यादी भिडणार त्या क्षणी, तिथे पंधरा-वीस सेकंदं द्या आणि एकदाच ठरवा की हल्ला कुठल्या फाइलवरून करायचा, मग प्रत्येक चालीला पुन्हा पुन्हा ठरवू नका. दुसरी जागा, हल्ला विझतोय असं दिसतं तेव्हा. तिथे वजीर बदलून प्यादं वर असलेली किंवा नुसती समान एंडगेम घ्यायची तयारी पाहिजे. तिखट ओपनिंग खेळणाऱ्यांना हे जड जातं, त्यांना वाटतं मात झाली नाही म्हणजे ओपनिंग फसली, आणि मग एक सोंगटी उगाच टाकतात. अहो, तुमच्याकडे ९० सेकंदं आणि त्याच्याकडे ४०, समान एंडगेममध्ये ही केवढी मोठी बढत आहे! २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाची फायनल आठवा, आपली नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी, दोन क्लासिकल डाव बरोबरीत, पहिला रॅपिड बरोबरीत, आणि दुसऱ्या रॅपिडमध्ये दिव्या काळ्यांनी जिंकली, हंपीची वेळ संपत आलेली असताना झालेल्या चुकांवर. त्या पातळीवरसुद्धा घड्याळ एवढं बोलतं, तर आपल्या ३+० मध्ये किती बोलेल.

म्हणूनच मी ३+० पेक्षा ३+२ खेळायला सांगतो, निदान शिकत असताना. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेची जागतिक ब्लिट्झ स्पर्धासुद्धा ३+२ चीच असते. दोन सेकंदांच्या वाढीमुळे एंडगेम खरोखर खेळावी लागते, नुसतं माउस फिरवून समोरच्याचा फ्लॅग पाडता (वेळ संपवता) येत नाही, आणि ओपनिंगमध्ये वाचवलेल्या वेळेचा उपयोग नीट कळतो. बुलेटमध्ये (एक-दोन मिनिटांच्या डावात) ही ओपनिंग खेळा, मजा येते, पण त्यातून शिकायला काही मिळत नाही.

सरावाचं म्हणाल तर रोज नवीन व्हिडिओ बघणं थांबवा. लिचेसवर फुकट स्टडी बनवता येते, त्यात काळ्याच्या प्रत्येक उत्तराला एक चॅप्टर, आणि प्रत्येक चॅप्टर दहाव्या चालीला संपवायचा, शेवटी आपल्या भाषेत दोन ओळी लिहायच्या की इथे मी काय करणार, उदाहरणार्थ 'एच४, जी४, राजा बी१ विसरू नको'. या दोन ओळी सगळ्यात महत्त्वाच्या, कारण तुमची अडचण दहाव्या चालीनंतरचीच आहे. डाव झाला की पूर्ण डाव इंजिनवर टाकू नका, पहिल्या बारा चालीच बघा, आपण आराखडा कुठे सोडला आणि किती सेकंदं कुठे घालवली, प्रत्येक चालीपुढे घड्याळ दिसतं तिथे. आणि तिथल्याच ओपनिंग एक्सप्लोररमध्ये ब्लिट्झ आणि आपल्या रेटिंगचा गट निवडून बघा की तुमच्या पातळीचे लोक प्रत्यक्षात काय खेळतात, मग जास्त येणाऱ्या उत्तरांवर जास्त वेळ द्या. पंधराव्या चालीला इंजिन ०.३ म्हणतंय की ०.१ याने ब्लिट्झमध्ये काहीच फरक पडत नाही.

एक राहिलं, दुसऱ्या चालीला काळ्याने घोडा एफ६ ऐवजी घोडा सी६ केलं तर. तिथे एफ४ टाकून घोडा बळी देणाऱ्या लाइन आहेत, हाम्पे-आल्गायर वगैरे, पण त्या तुमच्या आराखड्याशी जुळत नाहीत, वेगळं पाठांतर लागतं. उंट सी४ करा आणि शांत खेळा. आणि दुसऱ्याच चालीला त्याने उंट सी५ केलं तर घोडा एफ३ आणि मग डी४ बघा, एफ४ ची घाई नको, कारण जी१ ची तिरकी रेषा त्या उंटाने धरलेली असते आणि लहान कॅसलिंगला अडथळा होतो.

स्पर्धेबद्दल. १५+१० मध्ये समोरच्याला डी५ शोधायला वेळ आहे आणि बरेच जण शोधतील, त्यामुळे ट्रॅपवरचे फुकटचे पॉइंट कमी होतील हे धरून चला, पण घोडा एफ३ आणि वजीर ई२ ची लाइन तिथेही भक्कम उभी राहते, ती पोझिशन म्हणूनच चांगली आहे. वजीर एफ३ वाली मात्र तिथे अजिबात नको. प्रत्यक्ष पाटावर खेळताना आणखी एका गोष्टीचं भान ठेवा, या ओपनिंगमध्ये शह खूप येतात आणि घाईत शहाकडे दुर्लक्ष करून घड्याळ दाबलं की ती बेकायदा चाल होते, रॅपिडमध्ये समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात, ब्लिट्झमध्ये एक, आणि दुसऱ्यांदा झालं की डावच जातो. ऑनलाइन सवयीमुळे हे हमखास होतं, कारण तिथे सॉफ्टवेअर बेकायदा चाल करूच देत नाही. स्पर्धेच्या आधी निदान आठवडाभर मित्राबरोबर खऱ्या पाटावर, खरं घड्याळ लावून, डी५ वाली पोझिशनच मांडून दहा-दहा मिनिटांचे डाव खेळा, आणि त्याला आळीपाळीने उंट ई७, उंट जी४, उंट सी५ आणि घोडा सी६ खेळायला सांगा.